तळ्यातले मासे पुन्हा पुन्हा मरताहेत: औषध टाकण्याआधी काय तपासायचं

सकाळी तळ्यावर जावं तर काठाला मासे पोटं वर करून लागलेले. काही अजून जिवंत, पण पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करत कसेबसे तरंगताहेत. दुपारपर्यंत उरलेले मासे सावरतात, संध्याकाळी खाद्यालाही येतात. तोवर कुणीतरी सुचवलेलं औषध पाण्यात पडलेलं असतं, त्यामुळे ते लागू पडलं असं वाटतं. आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा एका सकाळी तेच दृश्य.

हे चक्र ज्यांच्या तळ्यात चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे. एकदाच झालेल्या मरतुकीचं कारण काहीही असू शकतं, पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या मरतुकीत माशाच्या अंगावर काय दिसतं यापेक्षा तो किती वाजता मेला हे जास्त सांगून जातं. पाण्याचं स्वतःचं एक घड्याळ असतं. ते कळलं की निम्म्याहून जास्त औषधं कपाटातच राहतात.

आत्ता या क्षणी मासे वर आले असतील तर

आधी खाद्य बंद करा. माशाला खाद्य पचवायलाही ऑक्सिजन लागतो आणि न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजताना तो आणखी ओढून घेतं. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर लगेच सुरू करा. नसेल तर पंप लावून त्याच तळ्याचं पाणी उचला आणि हवेत फवारत परत सोडा. थेंब जितके बारीक तितकं चांगलं. एक काळजी मात्र नक्की घ्या: पंपाचं तोंड वरच्या थरात ठेवा, तळात नको. तळाचं पाणी का नको ते पुढे येईलच. चांगल्या पाण्याचा दुसरा स्रोत जवळ असेल तर ते पाणी एका कोपऱ्यातून सोडा. मासे त्या कोपऱ्यात आपोआप गोळा होतात आणि तेवढ्या जागेत ते तगून जातात.

बाकी काहीही टाकू नका. चुना नको, पोटॅशियम परमँगनेट नको, मोरचूद (तांब्याचं सल्फेट) नको, प्रतिजैविक तर नकोच. परमँगनेटने पाण्यातला ऑक्सिजन वाढतो हा समज खूप पसरलेला आहे, पण ऑक्सिजन मोजणारा मीटर लावून पाहा, आकडा हलत नाही. त्या दिवशी जाळंही टाकू नका. गुदमरलेल्या माशाला जाळ्यात धडपडायला लावलं तर जो वाचला असता तोही जातो.

सूर्य वर आला की एरेटर लगेच बंद करायची घाई होते. मासे खाली जाऊन नेहमीसारखे फिरू लागेपर्यंत तो चालू द्या.

मेलेले मासे फेकण्याआधी

दहा मिनिटं द्या, पण ती नीट द्या. नुकता मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा निवडा. काही तास उन्हात पडलेल्या माशाचे कल्ले कशानेही मेला असला तरी फिकटच दिसतात, त्यावरून काही कळत नाही.

पहिली गोष्ट आकाराची. मोठे मासे मेले आणि लहान वाचले, असं असेल तर संशय ऑक्सिजनवर घ्या. विषारी पदार्थ पाण्यात आला असेल तर बहुधा लहान मासे आणि पिल्लं आधी जातात. दुसरी गोष्ट जातीची. तळ्यात चार जातींचे मासे असताना एकाच जातीचे मरत असतील आणि बाकीचे मजेत असतील तर रोगाचा विचार करायला हवा. कोई हर्पिस विषाणू हे याचं ठळक उदाहरण. तो कॉमन कार्प आणि कोई यांना मारतो, शेजारच्या इतर जातींना मारत नाही. उलट सगळ्या जाती एकाच पहाटे गेल्या आणि हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे तेवढे उरले, तर उत्तर जवळपास हातात आलं.

तिसरी गोष्ट वेगाची. रोगाने मासे मरतात तेव्हा आकडा बहुधा चढत जातो. आज चार, उद्या नऊ, परवा वीस. गुदमरून मरतात ते एका रात्रीत मरतात आणि दुसऱ्या दिवशी मरतूक जवळजवळ थांबते.

मग कल्ल्याचं झाकण उचला. ऑक्सिजन कमी पडून मेलेल्या माशाचं तोंड अनेकदा उघडं राहिलेलं असतं आणि कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकलेली असतात. कल्ले लाल असावेत. ते चॉकलेटी-तपकिरी दिसले तर थांबा आणि खालचा नायट्राइटचा भाग आधी वाचा, कारण तिथे उपाय वेगळा आहे. कल्ल्यांवर जाड चिकट थर, पांढुरके कुजलेले पट्टे किंवा हलणारे ठिपके दिसले तर तेही वहीत लिहून ठेवा.

एका तळ्याची गोष्ट

तीनेक मीटर खोल तळं. चाळीसेक दिवसांत तीनदा मरतूक. मला बोलावलं तेव्हा दुसरी वेळ होती आणि माशांच्या अंगावर लाल चट्टे होते, काहींच्या शेपटीच्या कडा झिजलेल्या. मीही त्या जखमांकडेच पाहिलं. जिवाणूंचा संसर्ग दिसत होता, नमुन्यात एरोमोनास हा जिवाणू सापडला, उपचार झाला, मासे सुधारले. आणि तिसऱ्यांदा मेले.

तेव्हा वही मागितली. मालकांनी तारखा लिहिल्या होत्या, हे त्यांचं मोठेपण. तिन्ही तारखांच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आभाळ भरलेलं होतं आणि वारा पडलेला होता. जखमा मरतुकीनंतर पाच-सहा दिवसांनी दिसू लागल्या होत्या, आधी नाही. म्हणजे संसर्ग झाला म्हणून मासे मेले नव्हते. त्या रात्री मरता मरता वाचलेल्या माशांना नंतर संसर्ग झाला होता.

पुढच्या ढगाळ रात्री पहाटे साडेचारला आम्ही तळ्यावर होतो. मीटर नव्हता, विंकलर पद्धतीच्या बाटल्या होत्या. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही मीटरवर शंका आली तर पडताळा तिच्यानेच घेतात. काचेच्या बूच असलेल्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत फिकट, पातळ चहासारखा रंग आला. दोन मीटर खालून काढलेल्या बाटलीत पांढराशुभ्र साका, फाटलेल्या दुधासारखा. टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाटल्या शेजारी धरल्या आणि मालक काही वेळ बोललेच नाहीत.

ऑक्सिजनचं चोवीस तासांचं गणित

समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळून राहतो, ३० अंशांना साधारण ७.६. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत हाच ऑक्सिजन २८० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. मासा आपल्यापेक्षा तीसेक पटींनी कमी ऑक्सिजनच्या जगात राहतो आणि पाणी तापलं की एकीकडे साठा घटतो, दुसरीकडे त्याच्या शरीराची गरज वाढते.

दिवसा हिरव्या पाण्यातली सूक्ष्म शैवालं भरपूर ऑक्सिजन सोडतात. दुपारी तीन-चारला मीटरवर १२, १४ असे आकडेही दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. रात्री तीच शैवालं, मासे, तळाचा गाळ, सगळे मिळून तो खर्च करतात. ऑक्सिजन सर्वात खाली जातो तो पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी. म्हणून सकाळी दहाला घेतलेल्या मोजमापाचा या प्रश्नात उपयोग नाही. तेव्हा पाण्याने स्वतःला सावरलेलं असतं.

पहाटे उठणं रोज शक्य नसतं. त्यावर तलावशास्त्रातली एक सोपी युक्ती आहे, ती मला फार आवडते. रात्री ऑक्सिजन साधारण सरळ रेषेत उतरतो. अंधार पडल्यावर एकदा मोजा, तीन तासांनी पुन्हा मोजा आणि रेषा पहाटेपर्यंत पुढे वाढवा. समजा संध्याकाळी सातला ८ मिलिग्रॅम होता, रात्री दहाला ६.५. म्हणजे तासाला अर्धा मिलिग्रॅम उतरतोय. सकाळी सहापर्यंत आणखी आठ तास, म्हणजे आणखी ४ जातील आणि उरतील २.५. बहुतेक गरम पाण्यातले मासे याला मरणार नाहीत, पण ताणाखाली नक्की येतील. हेच उत्तर १ च्या आसपास आलं तर झोपू नका. एरेटर मध्यरात्रीच सुरू करा. मासे वर आल्यावर सुरू केलेला एरेटर अर्धी लढाई हरून उतरतो.

ढगाळ दिवशी बिघडतं ते असं: दिवसा कमाई कमी होते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. एक दिवस निभतो. सलग तीन दिवस झाले की शिल्लक संपते.

पाणी किती दाट हिरवं आहे हे मोजायला सेकी तबकडी पुरते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली, तिचीच ही धाकटी बहीण. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली पाहायची. गढूळपणा मातीचा नसून शैवालाचा असेल आणि चकती २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी होत असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त हिरवं आहे. ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर ठीक. आठवडाभर ३० असलेला आकडा एका दिवसात एकदम ७० वर गेला आणि पाणी तपकिरी झालं तर खूश होऊ नका. शैवाल एकाच वेळी मेलंय आणि त्याचं कुजणं आता सुरू होणार आहे. मोरचूद टाकून शैवाल मारणारे हेच संकट स्वतःच्या हाताने आणतात. त्यात पाणी मऊ असेल तर तांबं माशांनाही जास्त बाधतं.

तळाचं पाणी वर येतं तेव्हा

ऑक्सिजनचा उतार नीट मोजला, पहाट सुरक्षित निघाली, आणि तरीही भर दुपारी पावसाची सर येऊन गेल्यावर मासे वर आले. असं घडलं असेल तर तळ्याचे थर उलथले आहेत.

पाणी सर्वात जड असतं ४ अंशांना. त्याहून तापत गेलं की हलकं होतं, आणि गंमत अशी की जितकं गरम तितका प्रत्येक अंशाचा फरक मोठा. २९ आणि ३० अंशांच्या पाण्याच्या घनतेतला फरक हा ४ आणि ५ अंशांच्या फरकाच्या पस्तीस-चाळीस पट असतो. म्हणून उष्ण हवामानातलं उथळ तळंसुद्धा दोन-तीन अंशांच्या फरकावर वर-खाली असं पक्कं दुभंगतं. वरचा थर गरम, हिरवा, ऑक्सिजनने भरलेला. खालचा थंड, अंधारा. तिथे हवा पोचत नाही, वरून मेलेलं शैवाल आणि विष्ठा मात्र पडत राहते. तिथला ऑक्सिजन संपतो आणि अमोनिया, विरघळलेलं लोह आणि हायड्रोजन सल्फाइड साठत जातं. तळाचा गाळ काळा असेल आणि काठी फिरवल्यावर सडक्या अंड्याचा वास आला तर तो याचाच.

मग थंड पाऊस येतो. थंड पाणी जड, ते खाली जातं आणि तळाचं पाणी वर ढकलतं. जोराचा वाराही हेच करतो. वरचा ऑक्सिजन पाण्यात पातळ होतो एवढंच नाही, खालून आलेले पदार्थ तो खाऊन टाकतात. तास-दोन तासांत सगळं घडतं.

थर मोडल्याने किती भयंकर घडू शकतं हे कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराने दाखवलं. तिथे ज्वालामुखीतून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड खोल पाण्यात दाबाखाली साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम बाहेर पडला आणि आसपासच्या गावांतली सतराशेहून अधिक माणसं गुदमरून गेली. तुमच्या तळ्यात तसं काही होणार नाही, तिथला वायू पृथ्वीच्या पोटातून येतो. पण खालचं पाणी आणि वरचं पाणी ही दोन वेगळी पाणी असू शकतात ही गोष्ट तीच आहे.

तपासायचं कसं? दुपारी वरचं आणि तळाचं तापमान घ्या. थर्मामीटर बांधलेली बाटली दोरीने खाली सोडा, बूच ओढा, भरू द्या आणि पटकन वर घेऊन वाचा. फरक दोन अंशांहून जास्त असेल तर थर आहेत असं धरा. उपाय म्हणजे थर बनूच न देणं: ऋतूच्या सुरुवातीपासून रोज थोडा वेळ पाणी ढवळतं ठेवणं. थर पक्के झाल्यावर एखाद्या दिवशी तळाला मोठा ब्लोअर लावून दणक्यात सुरू केला तर पावसाने केलं असतं तेच तुम्ही करता. आधीच थर असतील तर ढवळणारं यंत्र रोज थोडं थोडं चालवत वेळ वाढवा आणि पहिले काही दिवस काठावर उभे राहा.

अमोनिया, सामू आणि चुन्याची चूक

मासे पहाटे नव्हे तर दुपारी उशिरा अस्वस्थ होतात, सैरभैर पोहतात, उड्या मारतात. ऑक्सिजन मोजला तर भरपूर. अशा वेळी सामू, म्हणजे पीएच, आणि अमोनिया एकत्र पाहा. वेगवेगळे पाहून उपयोग नाही.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन फारसा त्रास देत नाही, विषारी असतो तो आयन नसलेला मुक्त अमोनिया. पाणी तपासायचं किट दोन्हींची बेरीज दाखवतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर त्या बेरजेतला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच मुक्त असतो, ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. म्हणजे किटवर १ मिलिग्रॅमच दिसतोय, सकाळी तो निरुपद्रवी आहे आणि त्याच दिवशी दुपारी घातक. मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमच्या वर टिकून राहिला तरी कल्ल्यांना इजा व्हायला लागते.

दुपारी सामू चढतो कारण शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेतं. तो किती चढेल हे ठरवते पाण्याची अल्कता, म्हणजे सामूचे झोके रोखायची ताकद, आणि अल्कता येते जमिनीखालच्या खडकातून. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, खडकातून झिरपताना चुनखडी विरघळवतं आणि बायकार्बोनेट घेऊन तळ्यात उतरतं. हे बायकार्बोनेट सामूला धरून ठेवतं. ग्रॅनाइटच्या किंवा धुऊन गेलेल्या वालुकामय जमिनीवरच्या तळ्याला ते फारसं मिळत नाही. शेजारीशेजारी दोन तळी, सारखंच खाद्य, सारखेच मासे, तरी एकात दर महिन्याला मरतूक आणि दुसऱ्यात नाही, याचं उत्तर कित्येकदा पाण्याखालच्या खडकात असतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात अल्कता २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर सामू दिवसभर झोके घेणारच. ५० ते १५० च्या दरम्यान असली की पाणी शांत वागतं.

अल्कता वाढवायला चुना टाकतात, आणि इथे सर्वात महागात पडणारी चूक होते. चुनखडीची भुकटी, कळीचा चुना आणि विरलेला चुना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चुनखडीची भुकटी हळूहळू विरघळते आणि सामू ८.३ च्या पुढे नेत नाही, मासे असताना टाकायची ती हीच. कळीचा आणि विरलेला चुना सामू झपाट्याने वर नेतात. रिकाम्या, सुकवलेल्या तळ्याचा तळ निर्जंतुक करायला ते चांगले. मासे असलेल्या, अमोनिया साठलेल्या पाण्यात कळीचा चुना टाकणं म्हणजे झोपलेल्या विषाला उठवणं. मरतूक झाली म्हणून चुना टाकला आणि चुन्यानंतर जास्त मासे मेले, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न हाच विचारते: कोणता चुना?

कल्ले तपकिरी असतील तर

हा भाग छोटा आहे, कारण इथे निदान आणि उपाय दोन्ही सरळ आहेत. अमोनियापासून पाण्यात बनणारा नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतो. असं रक्त ऑक्सिजन धरू शकत नाही. पाण्यात ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतानाही मासा वर येऊन धापा टाकतो आणि एरेटरने सुधारत नाही.

कल्ल्यात नायट्राइट ज्या वाटेने शिरतो तीच वाट क्लोराइडची आहे. क्लोराइड भरपूर असला की नायट्राइटला जागा मिळत नाही. म्हणून साधं मीठ, त्यातून क्लोराइड मिळतो. कॅटफिशवरच्या कामातून आलेला अंदाज असा की नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड असावा. किटवर नायट्राइट ३.३ मिलिग्रॅम दिसला तर नायट्रोजनच्या मापात तो १. क्लोराइड हवा १०. पाण्यात आधीपासून आहे तेवढा वजा करा, उरलेल्याला १.६५ ने गुणा, की मिठाचं वजन मिळतं. क्लोराइड मुळीच नसेल तर १६.५ मिलिग्रॅम मीठ प्रति लिटर, म्हणजे हजार घनमीटर पाण्याला साडेसोळा किलो. विरघळवून, पसरून टाका. नायट्राइट कशामुळे वाढला, हे शोधायचं बाकी राहतंच. बहुधा खाद्य एकदम वाढवलेलं असतं किंवा मासे एकदम जास्त सोडलेले असतात.

मग रोग खरा नसतोच का?

असतो, आणि तो मी कमी लेखत नाही. माशांच्या रोगांवर आयुष्य घालवलेले स्टॅनिस्लास स्निएश्को यांनी १९७४ मध्ये तीन वर्तुळांचं चित्र लोकांसमोर ठेवलं: मासा, जंतू आणि परिसर. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात तिथेच रोग. एरोमोनाससारखे जिवाणू निरोगी तळ्यातही असतात. ते वाट पाहत असतात असं म्हणायला हरकत नाही, कारण गुदमरलेल्या माशाच्या त्वचेवरचा चिकट थर आणि प्रतिकारशक्ती दोन्ही ढासळतात.

त्यातही परिसराचं वर्तुळ किती लांबून येतं हे अॅफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसारख्या जंतूने होणाऱ्या व्रणांच्या रोगात दिसतं. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत असं आढळलं की किनारपट्टीच्या जमिनीतला पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) उघडा पडला, हवेशी संयोग पावला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. मोठा पाऊस ते आम्ल आणि विरघळलेलं अॅल्युमिनियम पाण्यात वाहून आणतो, माशाची त्वचा भाजल्यासारखी होते आणि त्या फटीतून हा जंतू आत शिरतो. व्रण माशावर दिसतो, सुरुवात मातीत झालेली असते. पावसानंतर व्रण येत असतील तर तळ्यात येणाऱ्या ओढ्याचा सामू पावसाच्या पहिल्या तासात मोजा. दुसऱ्या दिवशी मोजून तो सापडत नाही.

प्रतिजैविक द्यायचं तर जंतू ओळखून, कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासून आणि मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच द्या. पाण्यात ओतलेलं प्रतिजैविक माशापेक्षा तळ्यातल्या उपयोगी जिवाणूंना आधी लागतं, आणि अमोनियाचा निचरा करणारेही त्यांच्यातच असतात.

सगळं केलं तरी पुन्हा येतं, तेव्हा गाळ

खाद्याचा हिशेब मांडा. ३० टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात ४८ ग्रॅम नायट्रोजन असतो, कारण प्रथिनांचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन आहे. त्यातला पाव ते एक-तृतीयांश माशाच्या अंगी लागतो. बाकी पाण्यात आणि गाळात. फॉस्फरसची गोष्ट आणखी चिवट. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या सरोवरांवर केलेल्या कामातून हे उलगडलं: तळाशी ऑक्सिजन असतो तोवर लोह फॉस्फेटला गाळात बांधून ठेवतं, ऑक्सिजन संपला की ती गाठ सुटते आणि फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं. म्हणजे तळ गुदमरला की खत वर येतं, खताने शैवाल वाढतं, शैवाल मरून तळ आणखी गुदमरतो. आपल्या चक्राचं चाक हेच.

फॉस्फरस किती कळीचा आहे हे कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. सरोवर क्रमांक २२६ मध्ये मधोमध पडदा लावून दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन दिला, एकाच बाजूला त्यात फॉस्फरस मिळवला. विमानातून काढलेल्या छायाचित्रात ती एक बाजू हिरवी आणि दुसरी गडद निळसर दिसते. आमच्या कामात सगळं काही मोजून कळत नाही, काही चित्रं एकदा पाहिली की डोक्यातून जात नाहीत, त्यातलं हे.

म्हणून जुन्या तळ्यात वाटेल तितके एरेटर लावले तरी काही वर्षांनी तळाकडे वळावंच लागतं. तळं रिकामं करता येत असेल तर करा, भेगा पडेपर्यंत सुकू द्या, काळा गाळ काढा. रिकामं करता येत नसेल तर खाद्य आणि माशांची संख्या दोन्ही कमी करा आणि वरून वाहून येणारं शेणखत, सांडपाणी, धूप झालेली माती अडवा. जे गाळ काढत नाहीत आणि संख्याही कमी करत नाहीत, त्यांना मी खोटी आशा दाखवत नाही. ते तळं पुन्हा मरतूक दाखवणार.

ज्या तळ्याची गोष्ट सांगितली तिथे मालकांनी निम्मे मासे काढून विकले, रोज रात्री अकराला एरेटर सुरू करायची सवय लावली आणि उन्हाळ्यात गाळ काढला. त्यानंतरही एकदा ढगाळ आठवडा आला. मासे एका पहाटे वर आले, मेले नाहीत.

मदत मागायला जाताना

तज्ज्ञाकडे किंवा प्रयोगशाळेत जाणार असाल तर गोठवलेला मासा नेऊ नका. गोठवल्याने पेशी फुटतात आणि परजीवी ओळखता येत नाहीत. मरायला टेकलेले दोन-तीन मासे पाण्यात हवा सोडून जिवंत न्या, ते जमत नसेल तर नुकते मेलेले पिशवीत घालून बर्फावर ठेवा. पाण्याचा नमुना वेगळ्या स्वच्छ बाटलीत, काठोकाठ भरून. ऑक्सिजन, तापमान आणि सामू मात्र तळ्यावरच मोजा, बाटलीत ते बदलतात. सोबत वही: मरतुकीच्या तारखा आणि वेळा, आधीच्या तीन दिवसांचं आभाळ, वारा, पाऊस, रोजचं खाद्य, पाण्यात काय काय टाकलं, मोठे मेले की लहान, कोणत्या जाती. आणि प्रत्येक बाटलीवर पाणी कोणत्या खोलीवरून, किती वाजता भरलं, ते.